पट तीस, अनुदान दहा हजार

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट 28. वर्षाला दहा हजार येतात. त्यात वीजबिल भागवायचं की खडू आणायचे? – एक मुख्याध्यापक

समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं : 30 पर्यंत दहा हजार, 31 ते 100 ला पंचवीस हजार, 101 ते 250 ला पन्नास हजार. म्हणजे तिसावं आणि एकतिसावं मूल यांच्यात पंधरा हजारांचं अंतर! गळका नळ मात्र पट बघून गळत नाही. यातूनच वीजबिल, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती करायची. किमान दहा टक्के स्वच्छतेवर. माझं मत विचाराल तर आधी वीजबिल भरा. एका शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही मी ओढणीखाली झाकलेला पाहिला. बाहेर भिंतीवर मीटरच्या जागी स्क्रूची चार भोकं होती. यू-डायसवर, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, पट मात्र काळजीने भरा, पुढच्या वर्षीचा आकडा तिथूनच निघतो.

एका खोलीची भिंत तडकली आहे. याच अनुदानातून बांधता येईल का? – शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष

नाही. आणि दहा हजारांत प्लास्टरसुद्धा धड होणार नाही. त्या खोलीत मुलं बसवणं आजच बंद करा. मग समितीचा ठराव, फोटो आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी पत्र. बांधकाम विभागाच्या अभियंत्याने खोली धोकादायक ठरवली की निर्लेखनाचा, म्हणजे खोली सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव जातो. निर्लेखन झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही, त्यामुळे तिच्या जागी नवीही उभी राहत नाही. गाडी बहुतेक इथेच अडते. नव्या खोलीसाठी समग्र शिक्षा आणि जिल्हा नियोजन समिती, दोन्हीकडे मागणी ठेवा. पत्राची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं साहेबांच्या बदलीबरोबर जातं.

मुलाची शाळा अनुदानित आहे, तरी प्रवेशाच्या वेळी ‘इमारत निधी’ मागितला. – एक पालक

अनुदानित म्हणजे मुख्यतः शिक्षकांचा पगार सरकारचा. वेतनेतर अनुदान वेगळं, ते तुटपुंजं आणि उशिरा येतं. इमारत संस्थेनेच उभारायची असते, म्हणून संस्थाचालकांची ओढाताण खोटी नाही. पण प्रवेशासाठी देणगीची अट घालायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने बंदी आहे. दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. राजीखुशीने द्यायचं तर जरूर द्या, पण प्रवेश झाल्यावर आणि पावती घेऊन.