मेंदूतील नोंदींवरून भाषेचा अभ्यास : त्यासाठी डॉक्टर व्हायला हवे का?

प्रिय विद्यार्थिनीस,

भाषाविज्ञानाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात असताना, अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) रुग्णांच्या मेंदूतील नोंदींवरून बोलण्याचा अभ्यास होतो हे तुमच्या वाचनात आले आणि त्यासाठी वैद्यकीय शिक्षण घ्यावे लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. हे रुग्णांवरचे प्रयोग तर नव्हेत ना, ही आईंची शंकाही तुम्ही कळवली आहे.

आधी आईंच्या शंकेविषयी. अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यांपैकी काहींच्या बाबतीत, शस्त्रक्रियेपूर्वी झटक्यांचा उगम नेमका कोठे आहे हे शोधण्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर किंवा आत इलेक्ट्रोड (मेंदूतील विद्युत् क्रिया नोंदवणारे संवेदक) बसवून त्यांना काही दिवस रुग्णालयात ठेवले जाते. इलेक्ट्रोडची जागा उपचाराच्या गरजेवरूनच ठरते. संशोधक त्या खोलीत पाहुणा असतो. रुग्णाची संमती असेल तरच तो काम करतो आणि रुग्ण थकला की आवरते घेतो.

आता तुमचा प्रश्न. 2014 साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ऐकलेल्या बोलण्याला मेंदूच्या शंखखंडातील (कानाजवळच्या भागातील) काही ठिकाणे एकेका वर्णानुसार नव्हे, तर वर्णांच्या गटांनुसार प्रतिसाद देतात, असे त्यात आढळले : एखादे ठिकाण 'प', 'त' यांसारख्या स्पर्श व्यंजनांना, तर दुसरे 'स', 'श' यांसारख्या घर्षक व्यंजनांना. आपल्या वर्णमालेच्या तक्त्यातील वर्गवारी आठवावी, असाच हा निष्कर्ष आहे. त्याच्या चार लेखकांपैकी एडवर्ड चँग हे मेंदूचे शल्यविशारद, निमा मेसगरानी अभियांत्रिकीतून आलेले, तर कीथ जॉन्सन ध्वनिविज्ञानाचे अभ्यासक आहेत. तेव्हा भाषाविज्ञान सोडू नका.

तुमच्या विषयाची गरज कोठे पडते ते पाहा. रुग्ण 'पाणी' म्हणतो तेव्हा ध्वनिमुद्रणात 'प'चा स्फोट दिसतो, पण ओठ त्याआधीच मिटलेले असतात आणि ओठ हलवणाऱ्या मेंदूच्या भागातील क्रिया त्याहूनही आधी सुरू झालेली असते. मिलिसेकंदांच्या या हिशेबात उच्चाराची सुरुवात कोठे धरायची, हे ठरवायला उच्चारप्रक्रिया जाणणारा माणूस लागतो.

उणीव आहे ती गणिताची. रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र, संकेतप्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) आणि पायथॉन ही संगणकभाषा यांची तयारी पदवी संपण्यापूर्वी सुरू करा; माझ्या मते हे पदव्युत्तर शाखेच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना, अपस्माराची शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाशी तिचे प्रत्यक्ष सहकार्य आहे का, हे आधी विचारा. अन्यथा इतरांनी खुल्या केलेल्या नोंदींवरच काम करावे लागते. रुग्णांना थेट मदत करण्याची ओढ अधिक असेल, तर मात्र वाचा-भाषा उपचाराचा अभ्यासक्रम तुम्हाला अधिक मानवेल.

तूर्त एवढे करा : स्वतःच्या आवाजात पन्नास शब्द मुद्रित करून 'प्राट' या मोफत संगणकप्रणालीत प्रत्येक ध्वनीच्या सीमा आखा. काम किचकट आहे. तरीही एक्कावन्नावा शब्द उघडावासा वाटला, तर मला पुन्हा लिहा. अर्ज कोठे करायचे, ते तेव्हा ठरवू.