ग्रंथालयाच्या संकेतस्थळासाठी जावास्क्रिप्ट: आधी मराठी शोध नीट कर

सांगलीतल्या वाचनालयाचं काम तुझ्याकडे आलंय, तर प्लगइनच्या याद्यांमागे धावू नकोस. तिथे कोहा (ग्रंथालय चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) असेल तर टेम्प्लेटच्या फाइलींना हात लावू नकोस, पुढच्या अपग्रेडमध्ये बदल पुसले जातात. 'ओपॅकयूजरजेएस' (OPACUserJS) या सेटिंगमध्ये कोड लिही. तो डेटाबेसमध्ये राहतो. जेक्वेरी (जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारी लायब्ररी) आणि डेटाटेबल्स (तक्त्यात शोध आणि क्रमवारी देणारं प्लगइन) कोहा स्वतःच वापरतं, म्हणून आधी तीच शिक. कोहा नसेल आणि पुस्तकांची साधी यादीच असेल, तरी डेटाटेबल्स पुरे. टायपिंगच्या चुका सांभाळून शोध हवा असेल तर फ्यूज.जेएस ही लायब्ररी घे.

खरी मेख मराठीत आहे. 'कादंबऱ्या' लिहिताना कुणी ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे, संगणकाला वेगळे. पुस्तक कपाटात असून वाचकाला 'सापडलं नाही' दिसावं, हे मला अजिबात सहन होत नाही. जावास्क्रिप्टच्या नुसत्या नॉर्मलाइजने (अक्षरांची युनिकोड रूपं एकसारखी करणारं फंक्शन) हे सुटत नाही. र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ् घालणारं एकच फंक्शन लिही आणि ते नोंदीवरही चालव, शोधशब्दावरही. मराठी क्रमवारीसाठी इंटल.कोलेटरला (Intl.Collator, जावास्क्रिप्टमधलीच भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय) 'एमआर' (mr) हा मराठीचा कोड दे.

शिकायला एमडीएन आणि जावास्क्रिप्ट.इन्फो ही संकेतस्थळं, दोन्ही मोफत. नोंदी साफ करायला लायब्ररी कार्पेंट्री या उपक्रमाचे ओपनरिफाइनचे (विस्कळीत माहिती साफ करायच्या साधनाचे) धडे कर, ते ग्रंथालयवाल्यांसाठीच लिहिलेत.

आणि पान जत-आटपाडीकडच्या वाचकाच्या साध्या मोबाईलवर उघडून बघ. तिथे अडखळलं तर आधी प्लगइन कमी कर.