मुंबईहून शिडाच्या बोटीने निघताना चाच्यांची भीती किती आणि चोरांची किती?

तुम्ही विचारलंय की नाशिकचे चौघे मित्राच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीतून मुंबई, गोवा, कोची, मालदीव आणि जमलं तर ओमानवरून तांबड्या समुद्रात जाणार आहात. तर समुद्री चाच्यांचा धोका किती आणि बंदूक ठेवावी का?

बंदूक ठेवू नका. परदेशी बंदरात ती जाहीर करावी लागते, लपवली तर तुरुंगवास. शिवाय चाच्यांकडे एके-४७ असतात. तुमच्या हातात शस्त्र दिसलं की ते आधी गोळी झाडतील.

चाच्यांवर छोट्या बोटीला एकच उपाय आहे, त्या पाण्यात न जाणं. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘क्वेस्ट’ ही अमेरिकी शिडाची बोट मुंबईहूनच ओमानमधल्या सलालाकडे निघाली होती. सोमाली चाच्यांनी ती वाटेत धरली. अमेरिकी नौदलाची जहाजं मागावर होती, वाटाघाटी चालू होत्या, तरी चाच्यांनी बोटीवरच्या चौघांनाही गोळ्या घातल्या. तुमची बोट पाच-सहा नॉटने (ताशी सागरी मैल) जाणार, चाच्यांची स्किफ, म्हणजे छोटी वेगवान होडी, वीस-पंचवीस नॉटने येते. कठडाही पाण्यापासून फारसा उंच नसतो, त्यामुळे पळता येत नाही आणि कुणाला चढू न देणंही शक्य नाही. १ जानेवारी २०२३ ला हिंदी महासागरातलं ‘हाय रिस्क एरिया’, म्हणजे चाच्यांचा धोकादायक पट्टा, हे नाव काढलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं आणि मार्च २०२४ मध्ये आपल्या आयएनएस कोलकाता युद्धनौकेने मार्कोस या नौदल कमांडोंच्या मदतीने ते सोडवलं. पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत, येमेनच्या हुथी बंडखोरांचा प्रश्न वेगळाच. त्यामुळे ओमान आणि तांबडा समुद्र सरळ वगळा. तांबड्या समुद्रापलीकडे भूमध्य समुद्रात बोट न्यायचीच असेल तर मालवाहू जहाजावर चढवून पाठवा. खर्च जबर आहे, पण मी तरी दुसरा सल्ला देणार नाही.

कोकण किनाऱ्यावर एखादी मच्छीमार बोट हातवारे करत थेट तुमच्या अंगावर आली तर घाबरू नका. बहुतेक वेळा पुढे जाळं आहे आणि ते तुमच्या प्रोपेलरच्या पंख्यात अडकेल, एवढंच तांडेल (त्या बोटीचा प्रमुख) सांगत असतो. वेग कमी करा आणि तो दाखवेल तिकडून वळसा घ्या. खरंच संकट आलं तर व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनल, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे. इरिडियमवर चालणारे छोटे ट्रॅकरही त्यातच आले. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र, घ्या आणि त्याची नोंदणी करून ठेवा.

आता खरी काळजी कशाची, ते सांगतो. नांगरलेल्या बोटींवरून सर्वात जास्त चोरीला जाते ती डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी रबरी होडी, आणि तिच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन. रात्री डिंगी दोरीने मागे बांधून झोपलात की चोर आवाज न करता दोरी कापतो आणि ओहोटीबरोबर ती घेऊन जातो. म्हणून अंधार पडला की हॅलयार्डने (शीड वर चढवायच्या दोरीने) डिंगी कठड्याच्या उंचीपर्यंत उचला. इंजिन काढून मागच्या कठड्यावरच्या ब्रॅकेटला लावा आणि क्लॅम्पच्या दोन्ही मुठींवर लॉकबार (कुलूप लागणारी दांडी) घाला. धक्क्यावर डिंगी सोडून जाताना ८ मिमीची हार्डन केलेली साखळी हवी. बारीक वायर रोप हातातल्या कटरने क्षणात तुटतो. साखळी रबरात चिकटवलेल्या कडीतून ओवू नका, ती कडी उपटून निघते. इंजिनाच्या ब्रॅकेटमधून आणि पेट्रोलच्या टाकीच्या मुठीतून ओवा. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी खिशात ठेवा. डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव लिहू नका. डिंगी धक्क्यावर दिसली की बोटीवर कुणी नाही हे चोराला आपोआप कळतं.

दुसरी वाट हॅचची, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या खिडकीची. उन्हाळ्यात हॅच उघडी ठेवल्याशिवाय झोप येत नाही आणि चोर तिथूनच उतरतो. हॅचखाली बसणाऱ्या जाळ्या सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत करून घ्या: १२ मिमीच्या गोल सळया, दोन सळयांत १० सेंमीपेक्षा जास्त फट नको. स्टेनलेस स्टील ३१६ ग्रेडचंच मागा. वर्कशॉपवाला ३०४ पुढे करेल, दिसायला तेच, पण खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस डाग येतात. वेल्डिंगनंतर पिकलिंग (सांध्याची आम्लाने सफाई) करायला सांगा, नाहीतर गंज सांध्यापासून सुरू होतो. आणि हे अजिबात विसरू नका: जाळी आतून किल्लीशिवाय, एका हाताने निघाली पाहिजे. गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) आग लागली तर पुढची हॅच हीच बाहेर पडायची वाट असते. कुलूप लावलेल्या जाळीपायी चोर बाहेर राहील आणि तुम्ही आत अडकाल. बसवल्यावर चौघांनीही अंधारात ती काढून बघा.

रात्री डेकवर पावलं वाजली तर आतूनच सगळे दिवे लावा, हॉर्न वाजवा. बहुतेक चोर उडी मारून पळतात. हातात कोयता किंवा पिस्तूल असेल तर मागतील ते देऊन टाका. त्यासाठी थोडे पैसे आणि जुना फोन वेगळ्या पाकिटात ठेवा.

निघण्यापूर्वी इंजिन, डिंगी आणि रेडिओच्या सीरियल नंबरचे फोटो काढून घरच्या माणसाला पाठवा. ते नसतील तर सागरी पोलीस ठाण्यात एफआयआर मोघम होते आणि विमा कंपनी दावा अडवते.