स्प्रिंग मोजून घे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या स्मॉल ब्लॉक शेवरोले इंजिनाला १.६ रेशोचे रॉकर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणाऱ्या तरफा) बसवायचेत, आणि त्यासाठी व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कुठल्या घ्याव्यात, हे तू विचारलंयस. त्यात तिघांची मतं आहेत, दोन कॅटलॉगांचे तपशील आहेत, आणि तुझ्या इंजिनाचा एकही आकडा नाही. एक म्हणतो मूळ स्प्रिंग चालतील, दुसरा म्हणतो डबल स्प्रिंगशिवाय (एकात एक बसवलेल्या दोन) हात लावू नकोस, तिसरा रॉकरसोबत येणारा सेट घ्यायला सांगतो. तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो. कोण, ते हेड (व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग) मोजल्याशिवाय त्यांनाही कळणार नाही, मलाही नाही. तेव्हा आधी मोज.

स्मॉल ब्लॉक शेवरोलेचा रॉकर १९५५च्या मूळ आराखड्यात १.५ रेशोचा, म्हणजे कॅम जेवढा उचलतो त्याच्या दीडपट व्हॉल्व्ह उघडतो. त्याजागी १.६ चा बसवला की कॅमला हात न लावता लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढते, म्हणून सगळे याच वाटेने जातात. समज, कॅमचा लोब (उंचवटा) ७.५ मिमी उचलतो. १.५ ने व्हॉल्व्ह ११.२५ मिमी उघडायचा, १.६ ने १२ मिमी उघडेल. पाऊण मिलिमीटर! एवढ्याशासाठी स्प्रिंग मोजायची कशाला, असं तुला वाटेल. आता हे बघ. बसवलेल्या स्प्रिंगची उंची ४२.५ मिमी आहे आणि सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती २९.७ ची होते, असं धर. जुन्या रॉकरवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेढे टेकायला १.५५ मिमी जागा उरत होती. नव्यावर ०.८ उरते. मी दीड मिलिमीटरच्या खाली जात नाही. मुरलेले रेसवाले मुद्दाम कमी ठेवतात, स्प्रिंगची थरथर दबावी म्हणून. पण ते मोजून ठेवतात. तू अंदाजाने ठेवणार होतास.

आणि कॅटलॉगमधला सीटवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असतानाचा, स्प्रिंगचा दाब त्यांनी धरलेल्या उंचीवरचा असतो, तुझ्या हेडवरचा नव्हे. तुझ्या हेडचं व्हॉल्व्ह ग्राइंडिंग झालंय, सीटही कापल्यात. म्हणजे व्हॉल्व्ह खोल बसलाय, दांडी वर आलीय, स्प्रिंगची जागा उंच झालीय आणि तेवढाच दाब घटलाय. तोही सगळीकडे सारखा नाही. म्हणून स्प्रिंग न घालता नुसता रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) आणि कॉटर (तिला व्हॉल्व्हच्या दांडीवर धरणाऱ्या पाचरी) लाव, रिटेनर बोटांनी वर ओढून धर, आणि स्प्रिंग जिथे टेकते तिथपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घे. कॉटर नीट बसले नसतील तर आकडा खोटा येईल, म्हणून एकदा सोडून पुन्हा ओढ आणि पुन्हा बघ. सोळाच्या सोळा व्हॉल्व्हना. एक मोजून बाकीचे ‘तसेच असतील’ म्हणणारी माणसं मला सहन होत नाहीत. सगळ्या उंच्या हाती आल्या की स्प्रिंगखाली शिम (पातळ चकत्या) टाकून सारख्या करता येतात. पण पाऊण मिलिमीटरच्या शिमने दाब वाढतो तशी वेढ्यांमधली जागाही तेवढीच खाल्ली जाते, म्हणून शिम टाकल्यावर गणित पुन्हा कर.

तुझी खरी ओढ जाड स्प्रिंगकडे आहे, ते पत्रातून दिसतं. थांब जरा. सीटवर ५० किलो आणि दर मिलिमीटरला ५ किलो अशी साधी स्प्रिंग घे. ११.२५ वर ती १०६ किलोने दाबते, १२ वर ११० ने. हा भार पुशरॉडकडे (कॅमकडून रॉकर ढकलणारी दांडी) जाताना रेशोने गुणला जातो: आधी १५९, आता १७६. स्प्रिंग न बदलता कॅमवरचा भार दहा टक्क्यांनी चढला! त्यावर आणखी जाड स्प्रिंग घातलीस, तर सपाट टॅपेटचा (लोबवर रोलरशिवाय घासत चालणाऱ्या तुकड्यांचा) कॅम नवा असला तरी लोब झिजून जाईल. जुन्या हेडमधले दाबून बसवलेले स्टड (ज्यांवर रॉकर बसतात) वर सरकतील, ते वेगळंच. डबल स्प्रिंग घ्यायचीच असेल तर कॅम रुळेपर्यंत आतली काढून ठेव.

मग जाड कधी? इंजिनाचे मिनिटाचे फेरे वाढवणार असशील तेव्हा. रॉकरमुळे व्हॉल्व्हचा प्रवेग सात टक्क्यांच्या आत-बाहेर वाढतो, पण ५५०० फेऱ्यांवरून ६००० वर गेलास की जडत्वाचा जोर १९ टक्के वाढतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने चढतो. स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो, सीटवर आपटून उडतो, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनला भेटतो. किती फेऱ्यांपर्यंत नेणार आहेस, हे तू कुठेच लिहिलं नाहीस. रॉकर कोणत्या रंगाचे मिळतात ते मात्र लिहिलंस. फेरे आहेत तेवढेच ठेवणार असशील, मूळ स्प्रिंगचा दाब टिकून असेल आणि जागाही उरत असेल, तर स्प्रिंग बदलायची गरजच पडणार नाही कदाचित. हे तुला कुणी विकणारा सांगणार नाही.

या हट्टापायी माझे दोन चांगले मित्र दुरावले. एकाचं हेड न मोजता बांधून द्यायला मी नकार दिला, दुसऱ्याला आठवडाभर थांबवून ठेवलं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. लोक मला शंकेखोर म्हणतात, ‘याच्याकडे गाडी दिली की विसरून जा’ म्हणतात. म्हणू देत. रॉकरवर छापलेला १.६ सुद्धा मी मानत नाही. डायल गेज लावून लिफ्ट बघतो, आणि कधी तो कमी भरतो, कधी जास्त. तेव्हा मी शंकेखोर की छापणारा बेफिकीर, तूच ठरव.

बाकीचं भराभर सांगतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर रिटेनर आणि गाइडच्या (दांडी ज्यातून सरकते त्या नळीच्या) सीलमध्येही दीड मिलिमीटर राहू दे. १.६ च्या रॉकरमध्ये पुशरॉड स्टडच्या जवळ येतो, तो हेडच्या खाचेत घासत नाही ना, ते हाताने क्रँक फिरवून बघ. पिस्टनवर खेळण्याच्या मऊ मातीचा (क्ले) गोळा ठेवून, हेड बसवून क्रँक फिरव आणि इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा आहे का तपास. अंदाज नको, माती कापून मोज.

आणि हेड उघडशील तेव्हा जुने शिम एका डब्यात टाकू नकोस. कुठला शिम कुठल्या व्हॉल्व्हखाली होता, ते त्याच वेळी लिहून ठेव.

तुझा,
काका