72 हजारांच्या दुरुस्तीआधी जूनचं बिल बघा

ताई, तुमचं पत्र आणि सोबतची बिलं दोनदा वाचली. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2016 ची पेट्रोल गाडी, रोज सातारा ते कोरेगाव शाळेत जाणं-येणं, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून आईकडे. जूनच्या मध्यापासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (वेग घेताना चाकं घसरू न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंग असे तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात. गॅरेजने एबीएस मॉड्यूल (एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि स्टिअरिंगची मोटर मिळून 72,000 रुपयांचं इस्टिमेट दिलंय. भाऊजी म्हणतात, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी एक्स्चेंजला द्या. शोरूम 2.10 लाख द्यायला तयार आहे, 50,000 ठेवीतून काढायचे आणि 7 लाखांचं कर्ज, 9.5 टक्के दराने, सात वर्षांसाठी.

माझं मत: आज दोन्हींपैकी काहीच करू नका. आधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायला पैसे खर्च करा. तुमच्या इस्टिमेटमध्ये सुट्या भागांच्या किमती आहेत, पण गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने कुठला कोड दाखवला त्याचा उल्लेख कुठेच नाही.

तीन दिवे म्हणजे तीन बिघाड नव्हेत. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्याची माहिती एबीएस वापरतं, ट्रॅक्शन वापरतं आणि बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंगही वापरतं, कारण वेगानुसार स्टिअरिंग हलकं की जड ठेवायचं ते त्यावरून ठरतं. एका चाकाची माहिती तुटली की तिघंही तक्रार करतात. बॅटरी अशक्त असली तरी असे दिवे एकदम लागतात, पण ते सहसा गाडी सुरू करतानाच. तुम्ही लिहिलंय की सुरू करताना दिवे विझतात आणि गाडीने थोडा वेग घेतला की पुन्हा लागतात. तीन चाकं फिरताना दिसतात आणि चौथं दिसत नाही, अशा वेळी हे असंच होतं.

आता ते 14 जूनचं 3,850 रुपयांचं बिल बघा, जे तुम्ही ‘किरकोळ’ म्हणून शेवटी जोडलंय. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललंय. अनेक गाड्यांत या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तिच्यावरूनच चाकाचा वेग ओळखतो. बेअरिंग उलटं बसलं तर चाक व्यवस्थित फिरतं, आवाजही येत नाही, पण सेन्सरला पट्टी दिसतच नाही. काम करताना सेन्सरची वायर ताणली जाते, कनेक्टर नीट न बसल्यामुळे त्यात पावसाचं पाणी जातं, असंही होतं. तुमच्या गाडीत हेच झालंय, असं गाडी न बघता मी म्हणणार नाही. पण तारखा एवढ्या जुळत असताना तिथून सुरुवात न करता थेट मॉड्यूल बदलायला निघणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून या शनिवारी दुसऱ्या, एबीएसचे कोड वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जा. स्वस्तातले अनेक स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, ते चालणार नाहीत. चाकं एकेक करून फिरवून चारही वेगांचे आकडे स्क्रीनवर तुमच्यासमोर बघायला सांगा. जे चाक शून्य दाखवेल, तिथे काम. दोष बेअरिंग बसवण्यात निघाला तर जूनचं बिल घेऊन त्याच माणसाकडे जा आणि काम पुन्हा करून मागा. त्याचे पैसे तुम्ही एकदा दिलेले आहेत.

विम्यावर भिस्त ठेवू नका. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड साध्या वाहन विम्यात बसत नाही.

आता कर्जाचं. 7 लाखांचा हप्ता साधारण 11,440 रुपये येतो आणि सात वर्षांत व्याजच 2.60 लाखांच्या वर जातं. हातात येणारा पगार 52,000, त्यात घराचा हप्ता 14,500. दोन्ही हप्ते मिळून जवळजवळ अर्धा पगार संपतो, आणि पुढच्या जूनला मुलीच्या इंजिनिअरिंगची पहिली फी आहे. ती 1.5 लाखांची ठेव तिच्या फीसाठी आहे, हे तुमच्याच पत्रात आहे. त्या ठेवीला हात लावू नका.

समजा सगळं तपासून मॉड्यूल खरोखरच गेलेलं निघालं आणि पूर्ण 72,000 लागले, तरी ते नव्या गाडीच्या साधारण सव्वासहा हप्त्यांएवढेच होतात. बचत खात्यातल्या 90,000 मधून द्या आणि पुढचं वर्षभर दरमहा 6,000 परत भरा. इंजिन, गिअर आणि पत्रा चांगल्या स्थितीत आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सांगतोय. गाडी गंजलेली असती किंवा इंजिनचं कामही समोर असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

एका बाबतीत मात्र पैशाचा विचार करायचा नाही. पिवळा दिवा असताना साधे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होऊन घसरू शकतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. दुरुस्ती होईपर्यंत यवतेश्वरचा घाट नको, आईंना तेवढं फोनवर सांगा. कोरेगावला शक्यतो एसटीने जा. ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं, तर गाडी जिथे असेल तिथे बाजूला लावा आणि टो करून न्या.

एक्स्चेंजची ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणता. संपली तर संपू द्या. शनिवारी मिळालेले कोड आणि चारही चाकांचे आकडे मला पाठवा, मग खर्चाचं नक्की करू.