फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बनवलेलं वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर एकदम बदलावं की हळूहळू?

हळूहळू. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल 2018 मध्ये एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या सिस्टिमवर हलवली. लाखो ग्राहक खात्याबाहेर अडकले, 2022 मध्ये 4.865 कोटी पौंडांचा दंड बसला.

बिलिंग चालतंय ना? मग चालू द्या. डीबीएफ फायलींमधला (फॉक्सप्रो डेटा ठेवतं त्या फायली) डेटा रोज रात्री नव्या डेटाबेसमध्ये ओढा, रिपोर्ट आणि मोबाइल अ‍ॅप त्यावर बांधा. मग स्टॉकपासून एकेक मॉड्यूल हलवा, बिलिंग सगळ्यात शेवटी. मार्चमध्ये तर हातही लावू नका.

खरी डोकेदुखी मराठी नावांची. जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत, नसतो. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते. आमच्या कन्व्हर्टरनं ती जागेवर नेलीच नाही, त्यामुळे ‘कविता’ची ‘किवता’ आणि ‘हरिभाऊ’ंचे ‘हिरभाऊ’ झाले. उधारीच्या यादीत हे हिरभाऊ कोण, यावर दुकानात अर्धा दिवस गेला!

आणि जुन्या अकाउंटंटना शेजारी बसवा. कोड 99 म्हणजे ‘मालकांच्या ओळखीचं गिऱ्हाईक, व्याज लावायचं नाही’ हे आमच्याकडे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.