१९६० सालचा एकच डबा २०१७ पर्यंत रोज प्रवासी कसा नेत होता?

तुम्ही विचारलंय ती ब्रिटनच्या रेल्वेची ‘बबल कार’, म्हणजे एकाच डब्याची डिझेल गाडी, कागदोपत्री क्लास १२१. नोकरीमुळे तीन वर्षं इंग्लंडमधल्या एल्सबरी गावात होतो. सकाळी प्रिन्सेस रिझबरोला जायला हीच गाडी पकडायचो, म्हणून उत्तर देतोय.

स्कॉटलंडमध्ये लिनवुडला प्रेस्ड स्टील कंपनीने असे १६ डबे बांधले. एका डब्यात आसनं ६५. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून फिरवायची भानगडच नाही. ड्रायव्हर उठतो, चालत पलीकडच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी परत निघते. कमी गर्दीच्या फाट्यांसाठी याहून स्वस्त काय असणार?

आतून ही गाडी म्हणजे रुळांवरची बसच. फरशीखाली आडवी निजवलेली दोन लेलँड इंजिनं, प्रत्येकी १५० अश्वशक्तीची. गिअर चार आणि तेही ड्रायव्हरने हाताने बदलायचे. क्लचचं पेडल नाही, जोर तेलातून पुढे जातो. ड्रायव्हर इंजिनाचा जोर काढून घेतो, घरघर खाली बसेपर्यंत थांबतो, गिअर टाकतो आणि मग पुन्हा जोर देतो. मधल्या त्या क्षणभराच्या शांततेत मला दर वेळी घाट चढणारा आपला लाल डबा आठवायचा.

पण ती टिकली याचं खरं कारण वेगळं आहे. १९९०च्या दशकात नवीन गाड्या आल्या आणि बहुतेक बबल कार प्रवासी सेवेतून निघाल्या. भंगारात मात्र सगळ्या गेल्या नाहीत. तिथे पानगळीत रुळांवर पानं चिरडून काळा, गुळगुळीत थर बसतो आणि चाकं घसरतात. त्यावर वाळू मिसळलेला चिकट लेप टाकत फिरायला स्वतःच्या जोरावर दोन्ही दिशांना पळणारा डबा सोयीचाच. ड्रायव्हरांना नवा मार्ग दाखवायलाही हेच डबे वापरले. अशा फुटकळ कामांमुळे ते चालत्या स्थितीत राहिले.

मग २००३ साली तिथल्या गाड्या चालवणाऱ्या चिल्टर्न रेल्वे या कंपनीने त्यातला एक डागडुजी करून पुन्हा प्रवाशांसाठी आणला. निवृत्त मास्तरांना शाळेने परत बोलवावं तसंच हे! एल्सबरी ते प्रिन्सेस रिझबरो हा मार्ग जेमतेम सात मैलांचा, मध्ये लिटल किंबल आणि मंक्स रिझबरो ही दोनच स्टेशनं. तिथे एक डबा पुरायचा आणि नवी गाडी दुसरीकडे मोकळी व्हायची. पुढे जुन्या हिरव्या रंगातला दुसरा डबाही आला. शेवटची फेरी १९ मे २०१७ ला झाली.

बसायची सर्वात चांगली जागा ड्रायव्हरच्या पाठीमागे. मधे काच असल्याने समोरचा मार्ग अख्खा दिसायचा. ती मिळावी म्हणून मी दहा मिनिटं आधी पोहोचायचो, पण तिथे बहुतेक वेळा एक आजोबा आधीच थर्मास उघडून बसलेले असायचे.